चहा सांडला नव्हता

"ऊठ. आधी त्या खुर्चीवरनं ऊठ."

बाई दारात उभ्या होत्या. खांद्याला शाळेची पर्स, हातात छत्री. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. मीही काढल्या होत्या, पण मागच्या दारी, विहिरीकडे.

मी उठले. समोर कॉम्प्युटर चालू होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एका करारनाम्याचं चौथं पान अर्धं झालं होतं.

"कशाला हात लावू नकोस. तिथे भिंतीकडे हो. नको, भिंतीला टेकू नकोस. पलीकडे देवघर आहे माझं."

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. कुठेच न टेकता. बाई आत गेल्या आणि तांब्याच्या पंचपात्रात गोमूत्र घेऊन आल्या. त्यात तुळशीचं पान. खुर्चीवर शिंपडलं. दाराच्या कडीवर शिंपडलं. फरशीवर, माझ्या पायांभोवती शिंपडलं. मग त्या टेबलाकडे वळल्या.

मी म्हटलं, "बाई, मशीनवर नको. वीज चालू आहे."

"तू मला शिकवतेस?"

पान झटकून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पंचपात्रच तिरकं केलं. की-बोर्डच्या बटणांच्या फटींतून ते आत उतरलं. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर एकच अक्षर धावत सुटलं. एका ओळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. मशीन पीं पीं करायला लागलं. बाई दचकून मागे सरल्या. मग सगळं गप्प झालं. अक्षरं जिथल्या तिथे थांबली.

याच बाईंनी मला नववीत विज्ञान शिकवलं होतं. ओल्या हातानं बटण दाबायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. शंभरातले शहाऐंशी मार्क दिले होते.

ही मालवणातली गोष्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

बाईंचे यजमान वकील. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही म्हणायची. नवं स्लॅबचं घर, पुढे पडवी, पडवीत ऑफिस. पडवीच्या एका टोकाला माझं टेबल आणि टाइपरायटर. बारावीनंतर मी बाजारातल्या टायपिंग क्लासमधून मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाले. भाऊसाहेबांनी मला ठेवलं. मी बौद्धवाडीतली, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते लपवलं नाही, उलट चारचौघांत सांगायचे. "मी जात बघत नाही. मी स्पीड बघतो." पक्षकार माना डोलवायचे.

तीन वर्षं मी त्या पडवीत बसले. पडवीतून घरात जायला तीन पायऱ्या. त्या मी कधी चढले नाही. चढू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नव्हती. तहान लागली की मी कोपऱ्यावरच्या नळावर जायची. त्या घरात मला कधी कुणी चहा दिला नाही. भाऊसाहेबांना यायचा, पक्षकारांना यायचा. ट्रे माझ्या टेबलावरून पुढे जायचा. मी टाइप करत राहायची.

मग कॉम्प्युटर आला.

मुंबईहून टेम्पोतून आला. चार खोकी. त्या आधी आमच्या बाजूला कुणाच्या घरात कॉम्प्युटर असल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. बँकेत येणार, सरकारी कचेरीत येणार, अशा नुसत्या गोष्टी. आणि हा एका माणसाच्या घरी आला, त्याच्या मालकीचा. रस्त्यावर माणसं जमली. मासळी घेऊन निघालेल्या बाया पाट्या डोक्यावर ठेवूनच उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "ह्या काय गो? टीव्ही?" मी म्हटलं, "टीव्ही नाय. कॉम्प्युटर." ती म्हणाली, "तेचा काय करतत?" मला उत्तर येत नव्हतं. पण मला ते मशीन हवं होतं. पोटात भूक लागावी तसं हवं होतं.

देवघराला लागून असलेल्या खोलीत तो बसवला. खाऱ्या हवेनं खराब होईल म्हणून खिडकी फळीनं बंद केली. थंड हवेचं मशीन लावलं. भटजी आले. नारळ फुटला. पडद्याला कुंकू लावलं, हार घातला. मी पडवीतून बघत होते. प्रसाद मला मिळाला, कागदाच्या पुडीत. बाईंनी वरच्या पायरीवरून माझ्या ओंजळीत सोडला.

भाऊसाहेबांचा मुलगा शिरीष मुंबईत शिकत होता. तिथे त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तो सुट्टीपुरता आला, मशीन सुरू करून दाखवलं, गावातल्या मोठ्या माणसांना त्यावर खेळ खेळून दाखवला, आणि परत गेला. भाऊसाहेब एकटे त्याच्यासमोर बसायचे. एका बोटानं एक अक्षर शोधायचे. पानभर मजकुराला अख्खा दिवस. वर मुंबईच्या आणि गोव्याच्या पक्षकारांना सांगून बसले होते की आता सगळे इंग्रजी मसुदे कॉम्प्युटरवर निघतील.

एके दिवशी दुपारी ते पडवीत आले. इकडे तिकडे बघितलं. आवाज खाली.

"तुला इंग्रजी वाचता येतं ना? हे पुस्तक बघ जरा."

मशीनबरोबर आलेलं जाड पुस्तक होतं. मी ते पाच दिवसांत वाचलं. सगळं कळलं नाही. पण कुठून सुरू करायचं ते कळलं. मी तसं सांगितलं.

ते म्हणाले, "उद्या बाई शाळेत गेल्या की ये. मागच्या दारानं. विहिरीकडून. हातपाय धुऊन. आणि हे कुठे बोलायचं नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

तशी मी त्या घरात शिरले. तीन पायऱ्या चढून नाही. मागनं.

बसायला एक लाकडी स्टूल होतं. शिरीषसाठी आणलेली फिरती खुर्ची बाजूला सरकवलेली. "खुर्ची नको," भाऊसाहेब म्हणाले. "हिला कळेल." ही म्हणजे बाई. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. "कुणी आलंबिलं तर. संपलं की ठोठाव."

पहिल्या दिवशी कडीचा आवाज ऐकला. खिडकी बंद. आत थंडी. जूनच्या उकाड्यात मी कुडकुडत होते. मी फ्लॉपी घातली, पुस्तकात लिहिलं होतं तसं एकेक केलं. अक्षर उमटलं. चुकलं. मी बटण दाबलं आणि ते अक्षर पुसलं गेलं. डाग नाही. खाडाखोड नाही. टाइपरायटरवर एक चूक म्हणजे अख्खं पान पुन्हा, आणि वर भाऊसाहेबांचा आवाज, "कागद झाडाला लागतो का?" इथे चूक झाली तरी पान शाबूत. मी मुद्दाम चुकले. मुद्दाम पुसलं. दहा वेळा. एकटीच हसले.

त्यानंतर सहा-सात महिने मी रोज दुपारी स्वतःहून त्या कोंडवाड्यात जात होते. हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाईंनी शिंपडलं त्याची लाज त्यांची. पण बाहेरून कडी घातलेल्या खोलीत जायला मी दुपारची वाट बघायची, ती लाज माझी. लघवी दाबून बसायची. तहान मारायची. एकदा भाऊसाहेब कोर्टात अडकले, बाई यायची वेळ झाली, दार कुणी उघडेना. मला ठोठावता येईना. बाहेर कोण असेल कुणास ठाऊक. शेवटी ते धावत आले, कडी काढली आणि म्हणाले, "पळ. पळ लवकर." मी विहिरीमागे चपला हातात घेऊन उभी राहिले. बाई पुढून आल्या. मी मागून गेले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मसुदे भराभर निघू लागले. छापायचं मशीन करकरत कागद बाहेर टाकायचं. भाऊसाहेबांचं नाव झालं. दुसरे वकील बघायला यायचे. मग मला आधीच पडवीत पाठवायचे. मी टाइपरायटरवर काहीतरी बडवत बसायची आणि आतून आवाज यायचा. "शिरीषनं सगळं बसवून दिलंय. आता मी स्वतःच करतो." कुणीतरी म्हणायचं, "वा, या वयात!"

त्या हिवाळ्यात वाचनालयात त्यांचं भाषण झालं. विषय, येणारं युग. ते भाषण मीच टाइप केलं होतं. त्यात एक वाक्य होतं. "यंत्र माणसाची जात विचारत नाही." मी ते वाक्य कडी लावलेल्या खोलीत बसून, रोमन अक्षरांत मराठी, टाइप केलं. आणि मला ते खरं वाटलं. अगदी मनापासून खरं वाटलं. कारण यंत्रानं खरंच विचारली नव्हती.

मग तो दिवस. शाळेतले कुणी जुने मास्तर वारले म्हणून शाळा लवकर सुटली. स्टूलावर बसून माझी कंबर गेली होती. त्या दिवशी मी फिरती खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. पहिल्यांदाच. पाठ टेकली. तेवढ्यात कडी निघाली.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

भाऊसाहेब कोर्टातून आले तेव्हा मी पडवीत होते. बाईंनी आतच त्यांना गाठलं. त्या हळू बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "माझ्या घरात? माझ्या देवघराच्या भिंतीला लागून? आणि मला पत्ता नाही? महिनोन्महिने बाटवलंत घर!" भाऊसाहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग ते मशीनच्या खोलीत गेले. मग त्यांचा आवाज चढला. पण मशीनसाठी. "अगं, पण यावर कशाला ओतलंस? यावर कशाला?"

मी ऐकत होते. माझ्या पायांभोवती शिंपडलं त्याबद्दल एक शब्द येईल असं वाटत होतं. एक तरी. आला नाही.

थोड्या वेळानं ते बाहेर आले. चेहरा नेहमीचा. कोर्टात उभं राहताना असतो तसा. माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

"कंपनीचा माणूस उद्या कोल्हापूरहून येतोय. त्याला काहीतरी कारण लेखी द्यावं लागेल. कागद घाल."

मी टाइपरायटरला कागद घातला.

"लिही. मी, खाली सही करणार..." माझं नाव, वय, वाडीचं नाव त्यांनी सांगितलं. माझी बोटं चालू झाली. "...लिहून देते की, मालकांनी संगणकाच्या खोलीत येण्यास मला स्पष्ट मनाई केली असताना, मी त्यांच्या गैरहजेरीत, परवानगीवाचून आत गेले. स्वल्पविराम नको, पूर्णविराम दे. तेथे माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या हातातील चहा की-बोर्डवर सांडला. याबद्दल मी दिलगीर आहे."

मी सगळं टाइप केलं. एकही चूक नाही. समास बरोबर, अंतर बरोबर. कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हा कुठे मी तो वाचला. तीन वर्षांत हजारो कागद मी असेच न वाचता टाइप केले होते. बोटं आणि डोकं वेगळं ठेवायला मी शिकले होते. पण या कागदावर माझं नाव होतं.

"भाऊसाहेब, मी परवानगीवाचून कुठे गेले? तुम्हीच तर..."

"हे बघ मुली, हा फक्त कागद आहे. फाइलला लावायचा. तुला कुणी काही करणार नाही. मी आहे ना?" मग जरा थांबून, "आणि सही नसेल करायची तर तेही सांग. मग माझ्या घरात चोरून शिरलीस, हे मला दुसरीकडे सांगावं लागेल. मालवणात, कणकवलीत, कुडाळात, टायपिंगचं काम ज्यांच्याकडे असतं ते सगळे माझ्या ओळखीचे आहेत. विचार कर. उद्या सही करून आण."

त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. आवाज शेवटपर्यंत चढवला नाही.

आमची वाडी खाडीपलीकडे. होडीतून उतरून मी घरी आले तेव्हा उजेड होता. बाबा खळ्यात, म्हणजे अंगणात, बसले होते. मुंबईला गिरणीत होते. गिरणी बंद पडली, गावी आले, आणि तेव्हापासून खळ्यात बसलेले. आई चिऱ्यांच्या, लाल दगडाच्या, खाणीवर कामाला जायची. ती नुकतीच आली होती. केसांत, भुवयांत, सगळीकडे लाल माती. हात धुवत होती.

मी कागद वाचून दाखवला. मग जे झालं ते सांगितलं.

बाबा मग म्हणाले, "सही कर. चाय सांडली म्हणून कोण फाशी देवचो नाय. तेंच्या विरोधात खंय जातलंस तू? हयच रवाचा आसा आपणाक."

ते चुकीचं बोलत नव्हते, राहायचं इथेच होतं. मला सगळं दिसत होतं. सही केली तर मी चोरटी, कागदावर, कायमची, आणि तो कागद वकिलाच्या फाइलीत. सही नाही केली तर मी चोरटी, तोंडोतोंडी, तिन्ही गावांत. दोन्हीकडून दार बंद. धाकटी बहीण नववीत होती. त्याच शाळेत. बाईंच्याच वर्गात.

आई पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"ह्या तूच छापलंस?"

"हो."

"तुझ्या हातान?"

"हो, आये."

"तुझ्या हातान काय सांडला नाय, तर तुझ्या हातान लिवलंस कित्याक?"

तिनं कागद मला परत दिला. त्यावर तिच्या बोटांचे लाल ठसे उठले होते. ती चुलीकडे गेली. सही कर म्हणाली नाही, करू नको म्हणाली नाही.

त्या रात्री मी झोपले. लोकांना वाटतं अशा वेळी झोप येत नाही. मला गाढ झोप लागली. सकाळी उठले तेव्हाही मी काही ठरवलं नव्हतं. कागद पर्समध्ये होता. पेनही होतं.

कोल्हापूरचा मेकॅनिक दुपारी आला. तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हातात पत्र्याची पेटी. भाऊसाहेब त्याला आत घेऊन गेले. पडवीत दोन पक्षकार बसले होते, देवगडकडचे बागायतदार, बापलेक. मी माझ्या टेबलाशी. आज मागनं नाही, पुढनंही नाही. जिथे तीन वर्षं होते तिथे.

मेकॅनिकनं की-बोर्ड काढला आणि उजेड हवा म्हणून तो पडवीतच घेऊन आला. मधल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू काढले, बटणांचा वरचा सांगाडा उचलला. आत पिवळसर डाग वाळले होते. हिरवट गंज धरायला लागला होता. त्यानं नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं.

भाऊसाहेब म्हणाले, "चहा. आमच्या टायपिस्टच्या हातून सांडला."

"चहा नाही हा, साहेब," तो म्हणाला. "चहा असता तर साखरेनं बटणं चिकटली असती. वासपण वेगळाय. नक्की काय सांडलंय ते सांगा, म्हणजे त्या हिशेबानं साफ करता येईल."

बाई घराच्या दारात, वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या दिवशी शाळेत गेल्या नव्हत्या.

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. हसले. "सांग की त्यांना. काय सांडलं तुझ्या हातून? कागद आणलायस ना?"

मी पर्स उघडली. कागद काढला. लोक म्हणतात अशा वेळी धीर येतो. मला धीरबीर काही आला नाही. पण तो कागद समोर धरला आणि माझ्याच्यानं पेन उघडवेना. बोटांनी ऐकलंच नाही. ज्या बोटांनी तीन वर्षं सांगितलं ते सगळं केलं, ती नाही म्हणाली. मग तोंडही उघडलं.

"चाय नव्हती ती. गोमूत्र होता."

मालवणी बोलले. त्या पडवीत तीन वर्षांत मी कधी मालवणी बोलले नव्हते. पुस्तकी मराठीच बोलायची, शुद्ध, बाईंनी शाळेत शिकवलेली. म्हातारा बागायतदार चमकून माझ्याकडे बघायला लागला. मेकॅनिकला नीट कळलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं. त्याला कळेल असं.

"गोमूत्र होतं. बाईंनी ओतलं. मी बौद्ध आहे. यांच्या लेखी महार. मी या मशीनवर काम करत होते म्हणून ओतलं. सात महिने या मशीनवर मीच काम करते. भाऊसाहेब मला मागच्या दारानं आत घ्यायचे आणि बाहेरून कडी घालायचे."

"खोटं बोलते ही!" बाई.

भाऊसाहेब उभे राहिले. "तोंड सांभाळ. कुठे बोलतेयस याचं भान ठेव."

"भान आहे. पडवीत बोलतेय. माझी जागा हीच ना?"

मी टाइपरायटरला नवा कागद घातला. मध्ये दोन कार्बन. कुणी मला मजकूर सांगत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा मजकूर टाइप करत होते, आणि एकामागून एक चुका झाल्या. एक वेलांटी चुकली. एक शब्द दोनदा पडला. मी खोडून पुढे गेले. सहा ओळी लिहिल्या. काय झालं, कुणी केलं, कशासाठी केलं. खाली सही केली. एक प्रत पर्समध्ये टाकली, एक भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली. एक मेकॅनिकसमोर धरली.

त्यानं माझ्याकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं. "ताई, मी मशीनचा माणूस," तो म्हणाला. "याचं मी काय करू?" पण घेतली. घडी करून पेटीत टाकली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

भाऊसाहेबांनी त्यांची प्रत वाचली. वाचून शांतपणे म्हणाले, "याला कायद्यात काही अर्थ नाही. साक्षीदार कोण?"

मी बागायतदारांकडे बघितलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मुलगा रस्त्याकडे बघत होता.

मी निघाले.

मी बोलले म्हणून आभाळ कोसळलं नाही. भाऊसाहेबांची वकिली चालू राहिली. नवा की-बोर्ड आला. खोलीचं शुद्धीकरण झालं म्हणे, भटजी बोलावून. बहिणीला बाईंनी वर्गात मागच्या बाकावर बसवलं. कारण सांगितलं नाही. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आई रोज खाणीवर जात राहिली, आणि तिच्याबरोबर आता मीही जायला लागले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चिरा. संध्याकाळी बोटं सुजायची. रात्री बाजेवर पडले की ती आपोआप हलायची. टाइप करायची.

मी कामासाठी फिरले. मालवणात दोन ठिकाणी, कुडाळात एका ठिकाणी. भाऊसाहेब म्हणाले होते तसंच झालं. माझं नाव माझ्याआधी पोचलेलं असायचं. कुणी रागावून बोलायचं नाही. "सध्या जागा नाही." एवढंच. आणि तोवर जिथे तिथे खोकी येऊ लागली होती. डॉक्टरांकडे आला. काजूच्या व्यापाऱ्याकडे आला. मुंबईला कामाला असलेल्या कुणी आपल्या घरी आणला. येईल तिथे खिडकीला फळी, चपला बाहेर, आणि तोच जपून वापरायचा शब्द, "आमचा कॉम्प्युटर". ज्याचा कॉम्प्युटर त्यानं ठरवायचं आत कोण येणार. मशीन जात विचारत नाही. मालक विचारतो. आणि मशीन मालकाचं असतं. भाषणातलं ते वाक्य मनापासून खरं मानणारी मी, किती अर्धवट होते.

कणकवलीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता. माझं नाव तिथवर अजून पोचलं नसावं. तिथल्या कारकुनानं मला छापील अर्ज दिला. त्यात एक रकाना होता. पूर्वीची नोकरी सोडण्याचं कारण. मी पेन उघडलं. कारकून बरा माणूस होता. माझं घुटमळणं त्यानं बघितलं आणि पुढे वाकून म्हणाला, "घरगुती अडचण लिवा. सगळी तसाच लिवतत. नसती भानगड कित्याक?"

दोन शब्द. दोन शब्द लिहिले असते तर कदाचित मी आत गेले असते. दारानं, पुढच्या दारानं, खुर्चीवर बसून. मला ते हवं होतं. आजही सांगते, मला ते फार हवं होतं.

मी त्या रकान्यात लिहिलं. "मी महार म्हणून मालकिणीनं माझ्या हातचा कॉम्प्युटर गोमूत्रानं धुतला आणि मालकानं तो चहा होता असं मला लिहून द्यायला सांगितलं. मी दिलं नाही." रकाना पुरला नाही. मी समासात लिहिलं. समास पुरला नाही, तेव्हा अर्ज उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. दोघांची नावं लिहिली. पूर्ण नावं, आडनावासकट.

कारकुनानं वाचलं. अर्ज दोन बोटांत धरून ठेवला. "ह्या आत धाडू?" त्यानं विचारलं.

"धाडा."

ती नोकरी मला मिळाली नाही. मिळणार नव्हतीच. ऑफिसातून बाहेर पडून एसटी स्टँडवर उभी राहिले तेव्हा माझ्या पर्समध्ये आणखी तीन कोरे अर्ज होते, तीन वेगळ्या ठिकाणचे. तिथेच, बाकड्यावर, मी ते तिन्ही भरले. तिन्हींवर तेच लिहिलं. जिथे म्हणून मला विचारतील काम का सोडलंस, तिथे तेच लिहीन. कुणी फाडला तर दुसरा भरीन. आणि मला स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. कुणाच्या मेहेरबानीचा नाही, माझ्या नावाचा. किती वर्षं लागतील मला माहीत नाही. घेतल्यावर त्यावर पहिलं वाक्य हेच टाइप करणार आहे, दोघांच्या पूर्ण नावांसकट.